नगरसेवक कामाचा आहे, पण घरच्यांना वाऱ्यावर सोडलंय. मत द्यायचं का?

म्हसरूळकर_८४

नमस्कार मंडळी. इथं राजकारणावर पहिल्यांदाच लिहितोय, आठवडाभर डोक्यातून जातच नाहीये म्हणून. पक्ष, नाव, प्रभाग नंबर काही लिहिणार नाही आणि कोणी ओळखलंच तर कृपा करून इथं नाव टाकू नका.

आमच्या भागातले एक माजी नगरसेवक परत उभे आहेत. माणूस कामाचा आहे यात भागात दुमत नाही. 2022 च्या मार्चमध्ये आपल्या नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हापासून पॅनलमधले बाकीचे तिघं दिसेनासे झाले, हे मात्र फिरत राहिले. आमच्या कॉलनीत पाणी इतकं कमी दाबाने यायचं की वरच्या मजल्यावर बादली भरायला अर्धा तास, धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ना तशी गत. यांनी व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन रात्री साडेअकराला चेंबर उघडायला लावलं आणि लाईन कुठं चोकअप आहे ते शोधून काढलं, तेव्हा ते नगरसेवक नव्हते हे लक्षात घ्या. आणि आमच्या घरापुरतं सांगायचं तर एप्रिल 2021 मध्ये वडिलांचं ऑक्सिजन 82 वर आलेलं, मी आणि माझा मेहुणा गाडीत वडिलांना घेऊन चार हॉस्पिटलं फिरलो, बेड नाही. शेवटी यांना फोन केला. पहाटे तीनला फोन उचलला त्या माणसाने, आणि चारला बेड मिळाला. वडील आज आहेत ते त्यामुळं, हे मी कुठंही सांगेन.

आता दुसरी बाजू. सहा वर्षांपूर्वी यांनी बायको आणि मुलीला घराबाहेर काढलं. आता दुसऱ्या बाईसोबत राहतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो त्या दोघांचा प्रश्न. पण वहिनी भावाकडे सिडकोत दोन खोल्यांत राहतात, फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून घर चालवतात, मुलगी दहावीला आहे. कोर्टाने महिन्याला आठ हजार पोटगी ठरवून दिलीये आणि तीही महिनोन्महिने मिळत नाही. हे ऐकीव नाही, वहिनींचा भाऊ अंबडला माझ्याच कंपनीत माझ्याच शिफ्टला आहे, मुलीच्या क्लासची फी भरायला त्याने सोसायटीचं कर्ज काढलं तेव्हा फॉर्मवर जामीनदार म्हणून सही माझी आहे.

घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात ज्याने मला जगवलं त्याला मत नाही द्यायचं तर कोणाला. आई काही बोलत नाही पण परवा एवढंच म्हणाली की मी साड्या फॉल लावायला त्या पोरीकडेच देते, मतदान करून आल्यावर तिच्यासमोर कशी उभी राहू. बायको म्हणते काम बघा, बाकी कोणाच्या घरात काय चाललंय ते आपण कशाला बघायचं, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच.

मला खरंच कळत नाहीये. पुढाऱ्याचं घरातलं वागणं आपण मत देताना मोजायचं का, आणि मोजायचं तर कुठपर्यंत?

गंगेवरचा_मास्तर

मी नाशिकरोडला 34 वर्षं शिक्षक होतो, आता 71 वय आहे, त्यामुळं बऱ्याच निवडणुका बघून झाल्यात. माझं मत सरळ आहे, द्या मत. आपण वॉर्डासाठी माणूस नेमतोय, मुलीसाठी स्थळ बघत नाही.

का म्हणतो ते सांगतो. 1963 मध्ये इंग्लंडचा युद्धमंत्री प्रोफ्यूमो याला एका तरुणीशी असलेल्या संबंधांवरून राजीनामा द्यावा लागला असं आपण ऐकतो, पण नीट वाचलं तर दिसतं की त्याची खुर्ची गेली ती पार्लमेंटमध्ये उभं राहून खोटं बोलला म्हणून. फ्रान्समध्ये मित्राँ 14 वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, त्यांना लग्नाबाहेरची मुलगी होती, 1994 ला फोटो छापून आला तेव्हा सगळ्या देशाला कळलं आणि लोकांनी त्यावरून त्यांना खाली ओढलं नाही. आपल्याकडचं बघा, शिवाजीराव निलंगेकरांचं मुख्यमंत्रीपद 1986 च्या मार्चमध्ये गेलं, मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात हायकोर्टाने ताशेरे ओढले म्हणून. तिथं घरचं माणूस आणि सरकारी खुर्ची यांची गाठ पडली होती. माझ्या मते रेष तिथंच आहे. खुर्ची वापरून घरच्यांसाठी काही केलं तर तो माझा प्रश्न, खुर्ची बाजूला ठेवून घरात जे केलं तो त्याचा.

आणि एक भीती आहे मला. घरातलं वागणं मोजायला लागलो की पुढाऱ्यांचे देखावे सुरू होतात. जोडीने सत्यनारायणाला बसलेले फोटो, आईचे पाय धुतानाचे व्हिडिओ, आपण त्यालाच चारित्र्य समजायला लागतो. सिंहस्थ आलाय, तपोवनातली झाडं तोडण्यावरून गावात एवढं रान उठलं, पाणी, रस्ते, गंगेतलं म्हणजे आपल्या गोदावरीतलं सांडपाणी, हे सगळं सोडून आपण कोणाचं लग्न टिकलं नाही ते मोजत बसायचं का?

तुमच्या वडिलांचा जीव वाचला ही साधी गोष्ट नाही हो. ते विसरून मत देऊ नका.

सिडकोची_माई

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, वयाने तुम्ही मोठे आहात, पण एक विचारते. "खुर्ची बाजूला ठेवून घरात जे केलं" म्हणता, ती खुर्ची बाजूला ठेवता येते का कोणाला?

माझ्या बहिणीचं सांगते. तिचा नवरा पुढारी नव्हता, पुढाऱ्याच्या उजव्या हाताचा माणूस होता फक्त. तिला मारायचा. ती पहिल्यांदा पोलीस चौकीला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी तिला चहा पाजून घरी पाठवलं, म्हणाले ताई घरातलं घरात मिटवा, मोठ्या माणसांशी उठबस आहे त्यांची. दुसऱ्यांदा गेली तर तिच्या आधी फोन पोचलेला. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. म्हणजे खुर्ची घरातच होती ना, आमच्या दिवाणखान्यात, तिच्या पाठीवरच्या वळांत. ज्याच्या हातात वॉर्ड आहे त्याच्या बायकोची तक्रार वॉर्डातला कोण लिहून घेणार? तिचं रेशनकार्ड वेगळं करायचं, मुलीचे दाखले काढायचे, रहिवासी दाखला आणायचा, प्रत्येक टेबलावर त्याच्या ओळखीचा माणूस.

खाजगी हा शब्द पण मला समजत नाही. दोघं राजीखुशीने वेगळे झाले, कोणी दुसरं लग्न केलं, कोणाचं कोणावर मन बसलं, हे खाजगी. त्यात मला काडीचा रस नाही आणि कोणी त्यावरून पत्रकं वाटली तर मी त्याच्या तोंडावर फाडेन. पण एका बाईने सहा वर्षं ब्लाऊजला हुकं लावून पोरगी वाढवायची आणि बापाने कोर्टाने सांगितलेले आठ हजार द्यायचे नाहीत, याला खाजगी कोणत्या हिशोबाने म्हणायचं? दुकानदाराचे आठ हजार बुडवले असते तर आपण त्याला बुडव्याच म्हटलं असतं ना?

कर्नाटकात हासनला काय झालं आठवा. 26 एप्रिल 2024 च्या मतदानाच्या तोंडावर प्रज्वल रेवण्णा या खासदाराच्या अत्याचारांच्या व्हिडिओंचे पेनड्राईव्ह गावभर वाटले गेले, त्यात बायकांचे चेहरेसुद्धा झाकलेले नव्हते. तेव्हाही कितीतरी जण म्हणत होते की हा कुटुंबाचा विषय आहे, राजकारण करू नका. 2025 च्या ऑगस्टमध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली त्याला. ते कधीच खाजगी नव्हतं. आणि पेनड्राईव्ह वाटणाऱ्यांनीही त्या बायकांचा विचार केला नव्हता, हेही मला तितकंच टोचतं.

म्हसरूळकर, तुमची आई जे म्हणाली ना, त्या एका वाक्यात सगळं आलंय. त्यांना विचारा.

जुना_कार्यकर्ता_पंचवटी

मी 2012 आणि 2017 दोन्ही निवडणुकांत बूथ सांभाळलेत, पक्ष सांगत नाही. थोडी दुसरी बाजू मांडतो, माई रागावू नका.

निवडणुकीत चारित्र्य हा विषय निघाला की तो खरा असतो म्हणून निघत नाही भो, तो कामाला येतो म्हणून निघतो. आणि सगळ्यात जास्त मार कोणाला बसतो माहितीये का, बायांना. 2011 पासून आपल्याकडे स्थानिक निवडणुकांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, म्हणजे निम्म्या उमेदवार बाया, आणि समोरच्याकडे मुद्दा नसला की पहिला दगड तिथंच पडतो. आमच्या पॅनलला एक विधवा ताई उभ्या होत्या, अंगणवाडीत काम केलेली बाई, वस्तीतलं प्रत्येक पोर नावाने ओळखायच्या. मतदानाच्या दोन दिवस आधी त्यांचा एका कार्यकर्त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेला फोटो फिरला, खाली घाणेरडी ओळ. तो कार्यकर्ता मीच होतो. ताईंना प्रचारातून घरी सोडायला निघालो होतो कारण रिक्षा मिळत नव्हती. ताई पडल्या, थोडक्या मतांनी पडल्या, आणि त्यानंतर त्यांनी राजकारणाचं नाव काढलं नाही. त्याच निवडणुकीत समोर एक गृहस्थ होते ज्यांच्या दोन घरांबद्दल सगळ्या पंचवटीला माहीत होतं, ते निवडून आले, त्यांचा फोटो कोणी फिरवला नाही.

म्हणून म्हणतो, मोजायचं म्हटलं तर काटा सारखा ठेवता येतो का आपल्याला? माझा अनुभव आहे की नाही येत.

आणि अफवा काय असते ते आपल्या नाशिकने 2025 च्या जुलैत बघितलंच की. हनी ट्रॅपचं प्रकरण म्हणून महिनाभर चर्चा, विधानसभेत नाना पटोलेंनी पेनड्राईव्ह दाखवला, 72 अधिकारी आणि मंत्री असा आकडा तोंडातोंडी, आणि मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की ना हनी आहे ना ट्रॅप. खरं-खोटं आपल्या हातात काहीच नाही, पण मेनरोडपासून सातपूरपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर कोणाची ना कोणाची नावं घेतली जात होती. त्या नावांतले जे निर्दोष असतील त्यांनी घरी काय सांगायचं?

सातपूर_फर्स्ट_शिफ्ट

लोकांना फरक पडत नाही हे आधी मान्य करा. धनंजय मुंडेंनी 12 जानेवारी 2021 ला स्वतः फेसबुकवर लिहिलं की लग्नाबाहेर संबंध होते, दोन मुलं आहेत, त्यांना नाव दिलंय. जी तक्रार झाली होती ती नंतर मागे घेतली गेली. मंत्रीपद राहिलं, 2024 ला परळीतून परत निवडून आले. 2025 च्या मार्चमध्ये राजीनामा दिला तो वेगळ्याच प्रकरणात. मग आपण कशाला डोकं लावायचं.

याउलट आपल्या सिन्नरच्या कोकाटेसाहेबांचं बघा. 2025 च्या जुलैत सभागृहात मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ आला, ते म्हणाले खेळत नव्हतो, जाहिरात आली ती स्किप करत होतो, तरी लोक इतके चिडले की कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. कांद्याला भाव नाही आणि कृषिमंत्र्याच्या हातात रमी, हे शेतकऱ्याला लागलं. म्हणजे लोक बरोबर मोजतात, माझ्या वेळेत माझ्या पैशावर काय केलं ते बघतात. घरातलं बघत नाहीत, आणि बघूही नये.

सिडकोची_माई

दादा, लोकांना फरक पडत नाही हे खरं असेल, पण "पडत नाही" आणि "पडायला नको" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आणि कार्यकर्ते भाऊ, तुमच्या त्या ताईंचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते खरंय, काटा बायांच्या बाजूला नेहमी खाली जातो. पण म्हणून काटाच फेकून द्यायचा का? फोटोवरून मोजू नका, मोटरसायकलवरून मोजू नका, कोर्टाच्या कागदावरून मोजा, एवढंच म्हणते मी.

वकीलताई_नाशिकरोड

माई शेवटी कोर्टाच्या कागदावर आल्या म्हणून लिहिते. फॅमिली मॅटर्सची प्रॅक्टिस आहे माझी, त्यामुळं हा धागा सकाळपासून वाचतेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी हे की घरातलं वागणं मतदाराने बघावं की नाही, याचं थोडं उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलंय, फक्त ते फार विचित्र आहे. महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर महापालिकेला उभं राहता येत नाही. म्हणजे घरात पोरं किती हे कायदा मोजतो. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर घरी संडास आहे आणि तो वापरता याचा दाखला लागतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नाही असा दाखला उमेदवार पळापळ करून आणतात, महापालिकेच्या विभागीय ऑफिसला फॉर्म भरायच्या आठवड्यात जाऊन बघा, रांगा असतात. पण बायकोची पोटगी थकली आहे का, असा स्वतंत्र रकाना मी तरी कुठल्या शपथपत्रात बघितला नाही. नळाची थकबाकी चालत नाही, लेकीची चालते. मला हे वर्षानुवर्षं खुपतंय.

आमदार-खासदारांचं बघायचं तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 मध्ये जी यादी आहे त्यात जुन्या भारतीय दंडसंहितेचं 498अ आहे, म्हणजे पत्नीचा छळ. त्यात दोषी ठरलं तर शिक्षा कितीही कमी असो, अपात्र. हुंडाबंदी कायद्यात सहा महिन्यांची शिक्षा झाली तरी अपात्र. म्हणजे संसदेनेच मान्य केलंय की हा घरातला विषय नाही. आणि उलट बाजूने 27 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने त्याच दंडसंहितेचं 497 रद्द केलं, विवाहबाह्य संबंध हा गुन्हा राहिला नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघा, कोणावर प्रेम केलं ते कायदा विचारत नाही, कोणाला छळलं ते विचारतो. मास्तरांची रेष थोडी सरकवायची तर मी इथं आणेन.

पण प्रत्यक्षात काय होतं, 498अ मध्ये शिक्षा होईपर्यंत वर्षं जातात आणि बहुतेक बाया तिथपर्यंत जातच नाहीत. त्या पोटगीला येतात. नाहीतर 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करतात. हे अर्ज फौजदारी खटल्यासारखे धरले जात नाहीत, त्यामुळं शपथपत्रातल्या गुन्ह्यांच्या रकान्यात सहसा दिसत नाहीत. मतदाराला उमेदवार स्वच्छ दिसतो.

आता म्हसरूळकर, तुमच्यासाठी खरं काम. 2002 आणि 2003 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, गुन्हे जाणून घ्यायचा हक्क मतदाराला मिळाला, महापालिकेलाही आता शपथपत्र द्यावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं. दुसरीकडे 4 नोव्हेंबर 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोटगीच्या केसमध्ये नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. म्हणजे उमेदवार असलेल्या नवऱ्याची दोन शपथपत्रं होतात. एक मतदारांसमोर, एक बायकोसमोर.

माझ्याकडे एक केस होती, गाव सांगत नाही. कोर्टातल्या शपथपत्रात महिन्याला 18 हजार उत्पन्न, शेती भावाच्या नावावर, गाडी मित्राची. निवडणुकीच्या शपथपत्रात चारचाकी स्वतःची, दोन गट नंबर स्वतःचे, सोनं वेगळं. का, तर निवडणुकीत लपवलं आणि समोरच्याने हरकत घेतली तर उमेदवारी लटकते, कोर्टात लपवलं तर बायकोकडे शोधायला पैसे नसतात. आम्ही दोन्ही कागद न्यायाधीशांसमोर शेजारी ठेवले. पोटगी वाढली.

तेव्हा तुम्ही विचारता कुठपर्यंत मोजायचं, तर मी म्हणेन तो कोणासोबत राहतो ते सोडा. त्याने शपथेवर दोन ठिकाणी दोन आकडे सांगितलेत का ते बघा. जो माणूस न्यायाधीशासमोर शपथ घेऊन खोटा आकडा लिहितो तो उद्या टेंडरच्या फाईलवर सही करताना कसा वागेल, हा विचार मतदाराने करायचा नाही तर कोणी करायचा?

आणि अजून एक, हे वहिनींच्या भावाला नक्की सांगा. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. बाया वाट बघत बसतात, देईल देईल म्हणून, आणि मागचे हप्ते मुदतीबाहेर जातात. परिस्थिती बदलली असेल तर रक्कम वाढवून मागायचा अर्जही वेगळा करता येतो.

गंगेवरचा_मास्तर

वकीलताई, तुमचं दोनदा वाचलं. प्रोफ्यूमोचं उदाहरण मीच दिलं होतं, खोटं बोलला म्हणून गेला असं मीच लिहिलं आणि तेच सूत्र मी इथं लावलं नाही. दोन शपथपत्रांत फरक असेल तर माझं मत बदलेल, तेवढं म्हणतो. नसेल तर नाही बदलणार. गरीब नवऱ्याकडूनही पोटगी थकते, तेही मी शाळेत पालकांमध्ये बघितलंय.

माई, तुमच्या बहिणीबद्दल तेव्हा काही बोललो नाही. आता त्या कशा आहेत?

सिडकोची_माई

बरी आहे मास्तर. इंदिरानगरला पोळी-भाजी केंद्र चालवते, चार बाया कामाला आहेत. विचारलंत, बरं वाटलं.

जुना_कार्यकर्ता_पंचवटी

शपथपत्राचं वकीलताईंचं पटलं. कागद दोघांनाही सारखाच लागू, बाईला पण आणि पुरुषाला पण. एकच विनंती, तो कागद मतदानाच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्यात मुलीचं पण नाव जाईल, दहावीची पोर आहे.

म्हसरूळकर_८४

सगळ्यांचे आभार, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

शपथपत्र मिळालं, ऑनलाईनच होतं. वार्षिक उत्पन्न सव्वा नऊ लाख, मागच्याच वर्षी घेतलेली गाडी, मखमलाबाद शिवारात प्लॉट, आडगावला शेती. देणी या रकान्यात बँकेचं कर्ज लिहिलंय, बाकी निरंक. शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत वहिनींच्या भावाला विचारलं कोर्टात किती उत्पन्न सांगितलं होतं, तो म्हणाला महिना 20 हजार, व्यवसाय बंद पडलाय असं. मी प्रिंट त्याच्या हातात दिली. त्याने डबा तसाच ठेवला आणि उभ्यानेच सगळी पानं वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली. म्हणाला आम्ही खरंच समजत होतो की त्याची परिस्थिती ओढाताणीची आहे, ताई तर म्हणायची जाऊ दे, इलेक्शनचं कर्ज झालं असेल त्याला.

मास्तर, घरी वडिलांनाही दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले मी त्यालाच देणार, माझा जीव आहे त्यात, पण तू तुझं बघ. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, घालणारही नाही. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं. माझी तीन ठरलीयेत, त्या चौथ्या जागेवर मी त्यांना देणार नाही. त्यांना फोन करून हे सांगायचं का, यावर अजून विचार चाललाय, कारण त्या पहाटे तीनला त्यांनी माझा फोन उचलला होता आणि मला पाठीमागून केल्यासारखं करायचं नाही. बहुतेक करेन फोन.

कार्यकर्ते भाऊ, कागद कुठंही फिरवणार नाही. फक्त भाऊ आणि वहिनींकडे आहे.

वकीलताई, तुम्ही म्हणालात ती एक वर्षाची मुदत आम्ही कॅलेंडर घेऊन मोजली. अकरा हप्ते थकलेत, त्यातले सात अजून मुदतीत बसतात, चार गेले. सोमवारी फॅमिली कोर्टात अर्ज टाकायला जातोय, वहिनींना सोबत कोणीतरी हवं होतं आणि भावाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी हाफ डे टाकलाय. आई पण येते म्हणतेय.